पीटच्या जमिनीतलं पाणी उपसून शेती करणं आता थांबवायला हवं, असं माझं मत आहे. तुमचं?

पाणकणीस :

सेंद्रिय कर्ब वाढवा, सेंद्रिय कर्ब वाढवा असं आपण सगळेच बोलतो, पण ज्या जमिनीत तो सगळ्यात जास्त आहे तीच जमीन जगभर सगळ्यात वेगाने संपतेय आणि त्यावर फारसं कोणी बोलत नाही, म्हणून हा धागा.

पीट म्हणजे दलदलीत पाण्याखाली हवा न मिळाल्याने पुरती न कुजता हजारो वर्षं थरावर थर साचत गेलेली शेवाळं, मुळं, पालापाचोळा. जगाच्या जमिनीपैकी जेमतेम ३ टक्के भागावर हे आहे, पण सगळ्या जंगलांच्या झाडांत मिळून जेवढा कार्बन आहे त्याहून जास्त या ३ टक्क्यांत आहे. थर वाढतो वर्षाला साधारण १ मिलिमीटरने. शेतीसाठी आपण त्यात चर काढतो, पंप लावतो, पाण्याची पातळी खाली नेतो, मग हवा आत शिरते आणि इतकी वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं. कार्बन हवेत जातो, जमीन खाली बसते. जमीन बसली की पाणी परत मुळांपाशी येतं, मग चर आणखी खोल करायचा, मग ती आणखी बसते, आणि हे पीट संपेपर्यंत असंच चालू राहतं.

इंग्लंडमध्ये केंब्रिजशरला होम फेन म्हणून जागा आहे. तिथलं व्हिटल्सी मिअर हे मोठं तळं १८५१ च्या सुमारास उपसलं तेव्हा जवळच पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत एक ओतीव लोखंडी खांब रोवून ठेवला, वरचं टोक जमिनीच्या बरोबरीने. आज ते टोक जमिनीपासून जवळपास ४ मीटर वर आहे. फ्लोरिडात बेल ग्लेडला १९२४ मध्ये ९ फुटी काँक्रीटचा खांब असाच खडकापर्यंत रोवला, त्याचा आता ६ फुटांहून जास्त भाग उघडा पडलाय. नेदरलँड्समध्ये गाईंच्या कुरणांखालची पीट कित्येक ठिकाणी अजूनही वर्षाला १ सेंटीमीटरच्या आसपास खचते, तिथे जुन्या घरांचे लाकडी खुंट पाण्याबाहेर येऊन कुजतात, रस्ते आणि पाइप वाकडे होतात.

जगातल्या पीटपैकी साधारण १२ टक्केच पाणी उपसून कोरडी किंवा खराब केलेली आहे, पण माणसाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी सुमारे ४ टक्के तिच्यातून येतात. ही शेती व्याजावर नाही, मुद्दलावर चाललीये.

माझं म्हणणं असं. एक, खोल पीटवर नवीन चर काढायला कुठेही परवानगी नको. दोन, पाणी आणखी खाली नेण्यासाठी सरकार जो पैसा घालतं तो बंद करून जो शेतकरी पाणी वर ठेवेल त्याला तो द्यावा. तीन, हे ऐच्छिक ठेवून भागणार नाही, मुदत ठरवायला लागेल. विरोध असेल तर मोकळेपणाने मांडा, मला खरंच ऐकायचंय.

काळीभोर :

दादा, तुमच्या पोस्टमध्ये शेतकरी येतो तो थेट शेवटच्या परिच्छेदात, आणि तिथेही त्याला मुदत ठरवून देण्यासाठी. मी तिथूनच सुरू करतो.

ही जमीन शेतकऱ्याने चोरून कोरडी केलेली नाही. इंग्लंडच्या फेन्समध्ये, म्हणजे पूर्वेकडच्या सखल दलदली प्रदेशात, १७ व्या शतकात अर्ल ऑफ बेडफर्ड आणि त्याच्या भागीदारांनी पैसा घातला, कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच माणसाला बोलावून मोठाले चर खोदून घेतले, राजाचा त्याला पाठिंबा होता. फ्लोरिडात सरकारनेच कालवे काढले. नंतरही अनुदान, कर्ज, सल्ला, सगळं चर काढणाऱ्यालाच मिळालं. चार पिढ्या ज्या कामाला शाबासकी दिली तेच काम पाचव्या पिढीने केलं की ती गुन्हेगार, हे मला पटत नाही.

आणि ही जमीन साधी नाहीये. भुसभुशीत, दगड नाही, नत्र स्वतः सोडते, गाजर, सेलरी, लेट्यूस, बटाटा, कांदा, ऊस यांच्यासाठी तिच्या तोडीची जमीन मिळत नाही. इंग्लंडच्या ताज्या भाज्यांचा मोठा हिस्सा फेन्समधून येतो. तिथे पाणी वर आणलं तर लोक भाजी खायची थांबणार आहेत का? ती दुसरीकडून येईल, कदाचित अशा देशातून जिथे भूजल आधीच आटलंय, किंवा कुठेतरी नवीन जंगल तोडून. मग एका देशाचा हिशोब स्वच्छ दिसेल आणि जगाचा तसाच राहील.

शेतकऱ्याला हे कळत नाही असंही समजू नका. वसंतात फेन्समध्ये कोरड्या पीटची वावटळ उठते, पेरलेल्या बियाण्यासकट आणि खतासकट माती उडून चरात जाऊन पडते. ज्याला दुबार पेरणी करावी लागते त्याला जमीन संपतेय हे सांगायला खांब लागत नाही.

मोजपट्टी :

मला दोघांच्याही बाजूने बोलायचं नाहीये, आकड्यांबद्दल बोलायचंय. खांबाचा फोटो दाखवला की सगळे गप्प होतात पण खांब जे मोजतो ते कार्बन नव्हे, उंची.

जमीन बसते ती वेगवेगळ्या कारणांनी. पाणी काढलं की आधी जे वजन पाण्याने पेललेलं होतं ते खालच्या थरावर येतं आणि तो दाबला जातो. वरचा थर वाळून आक्रसतो. या दोन्हींत कार्बन कुठेही गेलेला नसतो, तोच माल कमी जागेत बसलेला असतो. तिसरं कारण कुजणं, खरा तोटा तो. शिवाय वारा आणि आग. होम फेनच्या खांबाचा पहिला जवळपास दीड मीटर तर पहिल्या १० वर्षांतच उघडा पडला होता, एवढ्या वेगाने काही कुजत नाही, तो बहुतेक दबण्याचा भाग. सुमात्रातल्या अकेशिया आणि पाम लागवडीतही हेच मोजलं गेलंय, पहिल्या ५ वर्षांत जवळपास १.४ मीटर आणि मग वर्षाला ५ सेंटीमीटरच्या आसपास. म्हणजे ४ मीटर जमीन गेली म्हणून ४ मीटर कार्बन हवेत गेला असं कोणी मांडत असेल तर ते चूक आहे, आणि अशा मांडणीवर उद्या कोणी शेतकऱ्याला दंड लावला किंवा कोणी कार्बन क्रेडिट विकलं तर दोन्ही खोटं ठरेल.

मोजायचंच असेल तर प्रत्येक थराची घनता आणि राख मोजा. कुजलेली पीट घट्ट होते, तिच्यात खनिजाचं प्रमाण वाढतं, त्यावरून किती सेंद्रिय भाग गेला ते मागे मोजत जाता येतं. किंवा शेतात मनोरा उभा करून वर्षभर वायूंची ये-जा मोजा. कष्टाचं काम आहे पण त्याला पर्याय नाही.

पाणकणीस :

मोजपट्टी, उंची आणि कार्बन वेगळे हे बरोबर आहे आणि म्हणूनच मी ४ मीटर कार्बन असं लिहिलेलं नाही. पण तुमच्याच पद्धतीने हिशोब करून बघू. समजा पीटची कोरडी घनता घनमीटरला २०० किलो आणि त्यातला निम्मा कार्बन. एका हेक्टरवर १ सेंटीमीटरचा थर म्हणजे १०० घनमीटर, म्हणजे २० टन कोरडा माल, म्हणजे १० टन कार्बन, म्हणजे साधारण ३७ टन कार्बन डायऑक्साइड. खचण्यातला निम्माच भाग कुजण्याचा धरला तरी हेक्टरी वर्षाला १८ टन उरतात. आणि हे नुसतं कागदी गणित नाहीये, आयपीसीसीने (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०१३ मध्ये पाणथळ जमिनींसाठी जी पुरवणी काढली तिच्यात समशीतोष्ण भागातल्या उपसलेल्या पीक-जमिनीसाठी वर्षाला हेक्टरी ७.९ टन कार्बन धरलाय, म्हणजे २९ टन कार्बन डायऑक्साइड, आणि तो आकडा वायूंच्या मोजमापांवरूनच काढलेला आहे.

आणखी एक, दबणं सुरुवातीच्या वर्षांचं असतं. ज्या शेतातून दीडशे वर्षं पाणी काढलं जातंय तिथे दबायचं ते बरंचसं दबून झालंय. आज तिथे जी जमीन खाली जातेय तिच्यात कुजण्याचा वाटा वाढत जातो. म्हणजे जुन्या शेतात वेग कमी दिसला म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही.

काळीभोर, चार पिढ्यांच्या मुद्द्यावर. व्हर्मायडनच्या आधीही फेन्समध्ये माणसं राहत होतीच की. मासे, बगळे-बदकं, बोरू, चाऱ्याचं गवत यांच्यावर जगणारी. त्यांचे सामाईक हक्क गेले, त्यांनी बांध फोडले, दंगे केले, कोणी ऐकलं नाही. म्हणून पहिला हक्क कोणाचा हा प्रश्न उकरला तर तो चर काढणाऱ्यापाशी थांबत नाही.

मोजपट्टी :

७.९ हा सरासरी आकडा आहे, शेताशेताप्रमाणे खूप बदलतो. पाण्याची पातळी, तापमान, चुना, मशागत, सगळ्यावर. धोरणासाठी सरासरी ठीक, एका शेतकऱ्याच्या बिलासाठी नाही.

साधा_प्रश्न :

माझा प्रश्न पाणी परत आणण्याबद्दलच आहे. पाणी वर आलं की हवा बंद, हवा बंद की मिथेन तयार करणारे जिवाणू कामाला लागतात. मिथेन १०० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो आणि २० वर्षांच्या हिशोबाने ८० पट. खतावलेल्या शेतावर एकदम पाणी सोडलं तर आतलं हिरवं गवत कुजून पहिली काही वर्षं मिथेन भसाभस येतो, हे ठिकठिकाणी मोजलं गेलंय. आपल्याला घाई तर पुढच्या २० वर्षांचीच आहे ना? मग एक वायू थांबवून दुसरा सोडण्यात नक्की काय मिळवलं? वर त्या शेतात साचलेलं फॉस्फरस पाण्यात उतरतं ते वेगळंच, खालच्या तळ्यात शेवाळ माजतं. मला यात विरोधासाठी विरोध करायचा नाहीये, पण ओलं म्हणजे चांगलं एवढ्यावर मी तरी सही करणार नाही.

ओलावा :

चांगला प्रश्न, आणि उत्तर आहे. मिथेन हवेत साधारण १२ वर्षं टिकतो. एखादी दलदल दरवर्षी तेवढाच मिथेन सोडत राहिली तर काही दशकांत हवेतलं तिचं प्रमाण एका पातळीला येऊन थांबतं, तेवढं तापमान वाढतं आणि मग त्याच्या पुढे फारसं वाढत नाही. कार्बन डायऑक्साइड मात्र साठतच जातो, आज सोडलेला शेकडो वर्षांनीही बऱ्यापैकी शिल्लक असतो. म्हणून कोरडी पीट दरवर्षी नवीन भर घालते आणि जितका उशीर कराल तितकी भर मोठी. मिथेनच्या भीतीने थांबलो तर कार्बन डायऑक्साइड साठायचा तो साठलाच आणि पुढे कधीतरी पाणी सोडलं की मिथेनही आलाच.

दुसरं म्हणजे पूर आणणं आणि पातळी वर आणणं यात फरक आहे हो. २०२१ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात बऱ्याच पीट जमिनींची मोजमापं एकत्र करून दाखवलंय की पाण्याची पातळी दर १० सेंटीमीटर वर आणली तर हेक्टरी वर्षाला किमान ३ टन कार्बन डायऑक्साइडइतकी तापवणूक कमी होते, आणि हे जमिनीखाली ३० सेंटीमीटरपर्यंत मिथेनचा खोडा न येता चालतं. त्याच्याही वर आणलं तरी फायदा आहे, फक्त जमिनीवर पाणी तुंबू द्यायचं नाही, पातळी जमिनीच्या किंचित खाली ठेवायची. खतावलेला वरचा थर आधी खरवडून काढला तर मिथेन आणि फॉस्फरस दोन्ही कमी होतात. महाग पडतं, ते मान्य. पण हे करता न येणारं नाहीये.

आणि एक सांगते, मला यात सगळं किंवा काहीच नाही हा सूर आवडत नाही. जमिनीखाली ९० सेंटीमीटरवर असलेलं पाणी ५० सेंटीमीटरवर आणणं हेसुद्धा खूप मोठं काम आहे आणि त्यात शेती चालू राहू शकते.

काळीभोर :

ओलावा ताई, तुमचं ५० वालं मला पटतं. पण ३० सेंटीमीटरवर पाणी ठेवलेल्या पीटमध्ये ट्रॅक्टर घालून दाखवा. ही जमीन आधीच मऊ, ओली असली की चाक रुततं, वाफसा येईपर्यंत पेरणीची वेळ निघून जाते, पाऊस झाला की पाणी मुरायला जागाच नाही, बटाटा सडतो, गाजराची मुळं फाटे फुटून वाकडी होतात. उसाचं जमतं थोडंफार, फ्लोरिडात उसाखाली पाणी वर ठेवून आणि मध्ये पाणी भरून भात घेऊन खचणं कमी केलंय, हे मला माहीत आहे. पण ते ऊस आणि भाताचं.

मग तुम्ही म्हणणार ओली शेती करा. पाणकणीस (दलदलीतली वनस्पती, आपले दादा नव्हेत), बोरू, शेवाळ लावा. लावतो की. विकत कोण घेणार? जर्मनीत माल्खिन गावात २०१४ पासून ओल्या कुरणातलं गवत जाळून घरं गरम करणारं केंद्र चालतंय, छान आहे, पण असं एक केंद्र म्हणजे बाजारपेठ नव्हे. पाणकणसापासून घरासाठी उष्णतारोधक पट्ट्या बनतात, शेवाळ रोपवाटिकेत पीटऐवजी चालतं, हे सगळं होतंय पण छोट्या प्रमाणात. त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात, रुंद पट्ट्याच्या गाड्या लागतात. भाजीचं उत्पन्न आणि बोरूचं उत्पन्न यात जी दरी आहे ती भरायची जबाबदारी कोणाची, यावर आतापर्यंतच्या एकाही प्रतिसादात शब्द नाही.

नेदरलँड्समध्ये कुरणाखाली चराच्या पाण्याच्या पातळीखालून पाइप घालतात, उन्हाळ्यात चरातलं पाणी त्यातून उलट आत शिरतं आणि जमीन फार वाळत नाही. गाई चरतात, खचणं कमी होतं. मला हा रस्ता मधला वाटतो.

ओलावा :

पाइपांनी खचणं कमी होतं पण थांबत नाही, आणि वायू किती कमी होतात याचे निकाल शेताशेतात वेगळे आलेत. शिवाय चरातलं पाणीच खाली ठेवलं असेल तर पाइप नुसता तिथे पडून राहतो. चराची पातळी वर ठेवायचा निर्णय आधी, पाइप नंतर.

चिखलपाय :

सगळी चर्चा युरोप-अमेरिकेची चाललीये, मला इंडोनेशियाचं बोलायचंय कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालंय आणि ते आपल्या हयातीत झालंय.

१९९५-९६ मध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने मध्य कालिमंतानात (बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात) १० लाख हेक्टर दलदली जंगल भातासाठी घ्यायचं ठरवलं. ४,००० किलोमीटरहून जास्त कालवे खोदले, त्यातले काही पीटच्या घुमटांना आरपार कापत गेले. उष्ण प्रदेशातली पीट बशीसारखी नसते, मधे फुगलेली असते आणि तिचं पाणी पावसाचंच असतं, कालवा कापला की सगळा घुमट रिकामा व्हायला लागतो. आम्ल जमीन, पोषण नाही, भात आलाच नाही म्हणायला हरकत नाही. १९९७ मध्ये एल निन्योचा दुष्काळ आला आणि आग लागली, जमिनीवरची नाही, जमिनीच्या आतली, जी आठवडेच्या आठवडे धुमसते. त्या वर्षी इंडोनेशियात पीट आणि जंगल जळून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन गेला असा अंदाज २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला, म्हणजे जगभरच्या कोळसा-तेलाच्या एका वर्षाच्या उत्सर्जनाच्या १३ ते ४० टक्के. पुढे प्रकल्प गुंडाळला, कालवे तसेच राहिले. २०१५ ला परत तेच, अख्खा प्रदेश धुरात, लहान मुलं श्वासाला महाग झाली.

२०१६ मध्ये तिथे पीट पूर्ववत करण्यासाठी सरकारी संस्था काढली, कालवे अडवायला सुरुवात झाली, लागवडीत पाणी ४० सेंटीमीटरपेक्षा खाली जाऊ द्यायचं नाही असा नियम आला. नियम चांगला पण ४० वरसुद्धा पीट कुजतेच, तिथल्या उष्णतेत तर जास्तच.

आता यातला जो भाग काळीभोर यांच्या बाजूने जातो तोही सांगतो. त्या प्रकल्पासाठी सरकारने दुसऱ्या बेटांवरून हजारो कुटुंबं आणून वसवली. त्यांनी जमीन मागितली नव्हती, त्यांना ती दाखवून आणलं होतं. कालवा अडवला की त्यांचा होडीचा रस्ता बंद होतो, आग लावायला बंदी केली की ज्याच्याकडे यंत्र नाही त्याला रान साफ करता येत नाही, आणि मोठ्या कंपनीकडे मात्र पंपही असतात आणि वकीलही. पाणी वर आणायलाच पाहिजे यात माझ्या मनात काडीची शंका नाही, पण ते वर आणताना सगळ्यात आधी कोणाचं शेत बुडतं ते बघा.

आणि किनाऱ्याजवळच्या पीटखाली कित्येक ठिकाणी गंधकयुक्त चिकणमाती असते. वरची पीट संपून तिला हवा लागली की गंधकाचं आम्ल तयार होतं, मग तिथे पीक काय, चरातले मासेही जगत नाहीत. पीट संपल्यावर खाली चांगली माती मिळेल या भरवशावर कोणी असेल तर आधी खाली काय आहे ते उकरून बघा.

तटबंदी :

मला पाणकणीस यांच्या पंपाच्या मुद्द्यावर बोलायचंय, आणि मी असहमत आहे.

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटो आणि सॅन होआकिन नद्यांचा त्रिभुज प्रदेश बघा. १९ व्या शतकात बांध घालून बेटं तयार केली, पीटमधलं पाणी उपसलं, आज काही बेटांचा तळ समुद्रसपाटीच्या ७ मीटरहून खाली आहे. भोवती १,७०० किलोमीटरहून जास्त लांबीचे बांध, तेही बऱ्याच ठिकाणी पीटवरच उभे. जून २००४ मध्ये जोन्स ट्रॅक्टचा बांध फुटला, वादळ नाही, पूर नाही, स्वच्छ दिवस. अख्खं बेट भरलं आणि ते उपसून परत कोरडं करायला कोट्यवधी डॉलर गेले. असे बरेच बांध एकदम फुटले तर समुद्राचं खारं पाणी आत ओढलं जाईल आणि अडीच कोटींहून जास्त लोकांच्या पाण्याचा प्रश्न येईल. बांध फुटायला पूरच लागतो असंही नाही, २००३ च्या कोरड्या ऑगस्टमध्ये नेदरलँड्समध्ये विल्निसला पीटचा बांध वाळून हलका झाला आणि पाण्याच्या दाबाने सरकला, वस्तीत पाणी शिरलं.

तर सांगायचं असं की जमीन एकदा खोलगट झाली की पाणी वर आणलं तरी पंप बंद करता येत नाही. बाहेरचं पाणी झिरपून आत येतच राहणार. कॅलिफोर्नियातल्याच ट्विचेल बेटावर १९९७ पासून लव्हाळे आणि पाणकणीस वाढवून जमीन परत वर आणायचा प्रयोग चालू आहे आणि तो यशस्वी आहे, वर्षाला सरासरी ४ सेंटीमीटरपर्यंत भर पडलीये. खूप आनंदाची गोष्ट. पण ७ मीटर भरायला त्या वेगाने पावणेदोनशे वर्षं लागतात. तेवढी वर्षं बांधाला आणि पंपाला पैसा कोणीतरी द्यायचाच आहे. म्हणून चराचा पैसा काढून शेतकऱ्याला द्या हे गणित जुळत नाही, पैसा दोन्हीकडे लागणार, आणि काही बेटं तर वाचवायचीच नाहीत हेही कोणीतरी स्पष्ट सांगावं लागणार.

दुसरं, पाणी शेजाऱ्याची हद्द ओळखत नाही. एकाने पातळी वर ठेवली की बाजूच्याचं शेत ओलं. त्यामुळे हा एकेकट्याचा निर्णय होऊच शकत नाही, एका चर-जाळ्यातल्या सगळ्यांचा मिळून व्हावा लागतो.

पाणकणीस :

तटबंदी ताई, पंप बंद करा असं मी म्हटलेलं नाही, पाणी आणखी खाली नेण्याचा पैसा म्हटलंय. पंप कोणत्या पातळीला चालू करायचा आणि कोणत्या पातळीला बंद, हे आज पिकाकडे बघून ठरतं, ते पीटकडे बघून ठरावं आणि सरकारी पैसा त्या पातळीला बांधलेला असावा. बांधाचा खर्च राहणारच, पण जमीन जितकी आणखी खचेल तितका बांधावरचा दाब वाढेल आणि तो खर्चही वाढेल. आज थांबवलं तर निदान तेवढ्यावर थांबेल.

आणि तुमचा शेवटचा मुद्दा माझ्या तिसऱ्या मुद्द्याला बळ देतो. एका चर-जाळ्यात ५० शेतकरी असले आणि ४८ तयार असले तरी दोघांच्या नकारामुळे पाणी खालीच राहतं. युरोपियन युनियनच्या २०२४ च्या निसर्ग पुनर्स्थापना कायद्यात शेतीखालच्या उपसलेल्या पीटपैकी ३० टक्क्यांवर २०३० पर्यंत काम सुरू करायचंय आणि त्यातली किमान पाव जमीन प्रत्यक्ष ओली करायचीये, २०४० ला ४० टक्के, २०५० ला ५० टक्के, आणि त्यातली एक तृतीयांश ओली. आणि शेतकऱ्यासाठी ओलं करणं ऐच्छिकच. म्हणजे २०५० ला सगळं ठरल्याप्रमाणे झालं तरी सहा हेक्टरांतला एक ओला. उरलेले पाच कुजत राहिले तर पुढच्या पिढीला काय उरेल ते तुम्हीच सांगा, मला यावर खरंच झोप लागत नाही.

काळीभोर :

दादा, त्या दोघांना जबरदस्ती करण्यापूर्वी त्यांच्यापुढे काय ठेवताय ते लिहा. दोन-पाच वर्षांची योजना आणून जमीन कायमची ओली करायला सांगतात आणि सरकार बदललं की योजना बंद. पाणी वर आणलेली जमीन परत भाजीची होत नाही, तिची किंमत पडते, त्यावरचं कर्ज तेवढंच राहतं. डेन्मार्कने २०२४ मध्ये मोठा करार केला, जवळपास १ लाख ४० हजार हेक्टर कार्बनयुक्त सखल जमीन शेतीतून काढायची, त्यासाठी निधी ठेवला, शेतकरी संघटनेला टेबलावर बसवलं. मला डेन्मार्कचा रस्ता मान्य आहे. जमीन विकत घ्या, किंवा बदल्यात दुसरी द्या, किंवा २० वर्षांच्या वरचा करार करा ज्यात दर वर्षाचा पैसा लिहिलेला असेल. असं असेल तर ४८ काय, ५० तयार होतील.

मोजपट्टी :

सुरुवात कुठून करायची यावर कोणीच बोललं नाही म्हणून विचारतो. फेन्समध्ये बऱ्याच शेतांत पीट आता हातभरही उरलेली नाही, नांगर खालची चिकणमाती वर आणतोय. अशा जमिनीवर पैसा घालायचा की ती जाऊ द्यायची? माझं मत, जिथे २-३ मीटर शिल्लक आहे तिथे आधी, कारण वाचवण्यासारखं तिथे जास्त आहे.

ओलावा :

शिल्लक साठ्याच्या दृष्टीने बरोबर, पण पातळ झालेली जमीन कमी वायू सोडते असं धरू नका, जर्मनीत कर्ब कमी उरलेल्या जमिनींतूनही हेक्टरी जवळपास तेवढाच वायू मोजला गेलाय. ती संपेपर्यंत तेवढ्याच वेगाने संपते.

काळीभोर :

मग पातळ जमिनीवर आम्हाला ५० सेंटीमीटरवर भाजी करू द्या आणि खोल जमिनीचा करार आधी करा. पाणकणीस दादा, या वाटणीला तुमची हरकत आहे का?

पाणकणीस :

हरकत एकच, पातळ जमिनीवर ५० हे उन्हाळ्यातही पाळायचं, फक्त पावसाळ्यात नाही. पातळी मोजायची नळी शेतात, आकडा सगळ्यांना दिसेल असा. तेवढं मान्य असेल तर खोल जमिनीच्या २० वर्षांच्या कराराला माझा पूर्ण पाठिंबा.

काळीभोर :

नळीला हरकत नाही. मात्र दुष्काळात चरातच पाणी नसलं तर पातळी कोण आणि कुठून राखणार, तेवढं तटबंदी ताईंनी सांगावं.